आयलिफच्या नावाचा जीव

"ब्रश नीट धुतला नसशील. माझ्या जीवाश्मांतला एखादा तुझ्या बशीत पडला असेल," हालवार सूक्ष्मदर्शकाकडे न बघताच म्हणाला.

"पडलेला जीवाश्म चालत नाही," इंगुन म्हणाली. "हा सकाळपासून चालतोय. बघा तरी."

इंगुन त्याची विद्यार्थिनी. बोलून गेली खरी, पण हे सांगणं सोपं नव्हतं. टेबलावर म्हाताऱ्या हालवारच्या ग्रंथाची शेवटची मुद्रितं पडली होती. सगळा ग्रंथ एकाच गोष्टीवर उभा होता: वाळूच्या कणाएवढं कवच बांधणारा हा एकपेशीय जीव हिमयुगातच नामशेष झाला.

त्याचं नाव हालवारनेच ठेवलं होतं, धाकट्या भावाचं. आयलिफने वडिलांचं होडीघर परस्पर विकलं, त्या वर्षी हालवारने त्याच्याशी बोलणं टाकलं आणि नव्याने सापडलेल्या या मेलेल्या जातीला त्याचं नाव चिकटवलं. माझ्यापुरता तू संपलास, हे त्याने जगाला छापून कळवलं. अशी शास्त्रीय नावं मागे घेता येत नाहीत, ठेवणाऱ्यालासुद्धा.

आयलिफ मच्छीमार. तोही हट्टाला पेटलेला. मासेमारीहून परतताना फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खोल खाडीच्या, तळाचा चिखल बादलीत भरून आणायचा, हालवारच्या संस्थेच्या पायरीवर ठेवायचा आणि न बोलता निघून जायचा. चिखल नासू नये म्हणून हालवार आधी त्यात स्पिरिट ओतायचा. मग चाळायचं, वाळवायचं, कवचं निवडायची. त्यात ही जात दर वेळी सापडायची. "काठावरच्या जुन्या मातीतून वाहून आलीय," हालवार ठासून सांगायचा. या खेपेला स्पिरिट संपलं होतं. इंगुनने बादली तशीच थंडीत ठेवली होती.

हालवार अखेर वाकला. कवचातून केसाहून बारीक धागे बाहेर आले होते आणि तो जीव स्वतःला सावकाश पुढे ओढत होता. म्हातारा बराच वेळ मान वर करेना. इंगुनला त्याची फार दया आली.

"ग्रंथाचं काय करायचं?" तिने हळूच विचारलं.

"थांबव."

बाहेर पायरीवर बादली वाजली. हालवार तसाच, नुसत्या मोज्यांवर, दाराबाहेर गेला. आयलिफ पाठमोरा झाला होता. तो चमकून वळला.

"काय झालं? आजचा चिखल पसंत नाही वाटतं?"

"आत ये," हालवार म्हणाला. "तू दर वेळी जिवंतच आणत होतास रे. आल्या आल्या मीच मारत होतो."