तांब्याभर गोडं पाणी

वलवण धरणावर धुकं. तव्यावर एकटं थालीपीठ. ब्रिस्बेनला ऐन उन्हाळा. हॉलमध्ये समुद्र. समुद्र म्हणजे श्रीयशनं ब्रिस्बेनला जाताना आईकडे सोडलेली काचेची टाकी: खारं पाणी, प्रवाळं, दोन नारिंगी मासे. रोज थोडं पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. म्हणून सुनेत्राबाईंनी रोज तांब्याभर गोडं पाणी घालायचं. नाही घातलं तर त्याला टाकीवर लावलेल्या कॅमेऱ्यात पातळी उतरलेली दिसते आणि त्याचा फोन येतो. एरवी तो मीटिंगमध्ये असतो. हे कळल्यापासून त्या कधीकधी मुद्दाम विसरतात.

काल श्रीयशनं पाठवलेला तळेगावचा मेकॅनिक आपोआप पाणी भरणारा पंप बसवून गेला. “आता टेन्शन नाही मावशी, टाकीकडं ढुंकून बघायला नको,” तो म्हणाला. त्या बराच वेळ काठोकाठ भरलेल्या टाकीसमोर बसून राहिल्या. मग वाकून पंपाचा प्लग काढला. आज दुपारी पाणी बोटभर उतरलं, कडेचं प्रवाळ मिटू लागलं आणि फोन वाजला. नाव न बघताच त्यांनी उचलला. “बोल बाळा.” “मावशी, मी पंपवाला बोलतोय. प्लग निघालाय बघा. सरांनी अलर्ट आता माझ्याकडंच लावलाय.” सुनेत्राबाईंनी प्लग परत खोचला. पाणी हळूहळू चढू लागलं. “जेवलास का रे?” त्या म्हणाल्या. “हो. का हो मावशी?” “काही नाही, सहज विचारलं.” कॅमेरा बसवला त्या दिवशी श्रीयश फोनवर म्हणाला होता, “आई, जरा बाजूला सरक, टाकी दिसत नाही.”