गादीखालची तणं

धाकट्या लेकीला जुळं झालं त्या वर्षी नानांनी अंथरूण धरलं आणि त्यांची नात ऋतुजा शेतकी कॉलेजात गेली. तिला तणं वाळवून, कागदावर चिकटवून द्यायची होती. त्याशिवाय परीक्षेला बसू देणार नव्हते. सपाट वाळायला वजन हवं, म्हणून तिनं ती रद्दीत घालून नानांच्या गादीखाली सारली.

"आज माझ्याखाली कोण?" नाना विचारायचे.

"केना आणि कुर्डू."

"जन्मभर खुरपून मेलं नाही. आता निजून मारतो."

पुढे नानांना ताप चढला. मुलानं दवाखान्यात न्यायला जीप आणली.

"केना ओला आहे," नाना म्हणाले. "सोमवारी ने."

"तणापायी जीव द्याल, नाना!"

"मी पाटा ठेवते ना गादीवर," ऋतुजा रडत म्हणाली.

"मी असताना पाटा?" नाना कुशीवरून उताणे झाले, म्हणजे भार सगळीकडे सारखा पडेल.

सोमवारी सरांनी कागद उलटून पाहिले. "एक सुरकुती नाही. कशाखाली दाबलीस?"

"आजोबांखाली, सर."

"बस परीक्षेला."

हे ऐकल्यावर नानांनी स्वतःला जीपमध्ये उचलून ठेवू दिलं. बुधवारी पहाटे दवाखान्यात नाना वारले.