बटाट्याच्या चकत्या

अठ्ठ्याण्णव साली जळगावच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा रोबोट आला, आणि तिथला वेल्डर चुडामण घरात उगाच येरझाऱ्या घालू लागला. बायको बेबाबाई काही विचारायला गेली की चिडायचा, "त्या यंत्राले काय समजतं? नाजूक जोड मलेच करा लागतात."

सकाळी तो डबा घेऊन निघायचा. संध्याकाळी आल्या आल्या, वेल्डिंगने डोळे चुरचुरतात म्हणून, बावीस वर्षांच्या सवयीने डोळ्यांवर ठेवायला बटाट्याच्या चकत्या मागायचा.

आजही तो डोळे मिटून पडला. चकत्या काही आल्या नाहीत. आतून फोडणीचा आवाज आला.


"बटाटा भाजीत टाकला," बेबाबाई म्हणाली. "महिना झाला, तुमचे डोये लाल नाही झाले."