दारावरचे ओरखडे

गाडीच्या दारावरचा एक चरा काढायला औरादच्या सिद्धरामने मोबाईलवर बघून पॉलिश पेपर घासला, आणि सगळं दारच बारीक ओरखड्यांनी पांढुरकं पडलं. संध्याकाळी बीदरहून होणारे सासरे येणार होते. म्हणून तो आणि त्याची आई सुगंधाबाई, दोघं दुपारभर अंगणात बसून फडक्याने रबिंग पॉलिश चोळत राहिले. चमक काही परतली नाही.

सासऱ्यांनी आल्या आल्या दारावरून हात फिरवला. "गाडी तर नवी हाय. हे कामून असं झालंय?"

"आईनं तारेच्या घासणीनं धुतली," सिद्धराम बोलून गेला. पाहुणे हसले. त्याला आईकडे बघवेना.



चहाचा ट्रे खाली ठेवत ती म्हणाली, "व्हय अण्णा, माझंच चुकलं. दुपारधरून लेकरू एकटंच निस्तरायलंय."