सूज कुठे आहे?

"आतडं आरशासारखं लख्ख आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

खरं तर निकिताच्या जिवात जीव यायला हवा होता. तो आला नाही. घरून डबीत भरून नेलेल्या शौचाची तपासणी दोनदा झाली होती, आणि दोन्ही रिपोर्ट सांगत होते, की आतड्याला सूज आहे. तीही चांगली भरपूर.

शेजारी तिचा मुलगा सुमेध मान खाली घालून बसला होता. चौदा वर्षांचा, आईपेक्षा डोकंभर उंच. सहामाहीच्या आधी त्याचं पोट दुखायला लागलं आणि वारज्याच्या त्या घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. परवा पोट साफ करायचं औषध पिऊन पिऊन पोरगं अर्धमेलं झालं, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. निकिताला भडभडून आलं होतं.

या सगळ्यात धाकट्या स्पृहाकडे बघायला सवड कोणाला होती? नशीब, ती गुणाची पोर. नऊ वर्षांची, पण कसला हट्ट नाही. मागच्या भीमजयंतीचा पांढरा फ्रॉक यंदाही अंगाला बरोबर बसला, म्हणून नवा मागितला नाही. तिखट नको म्हणायची, दहीभातावर खूश. उरलेली चपाती मुकाट दादाच्या ताटात. खोड काय ती एकच, गोष्टीचं पुस्तक घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसायची. "बाईसाहेब, बाहेर रांग लागलीय!" असं बाबा रोज ओरडायचे. आत्तासुद्धा इथे आल्या आल्या ती खोलीला लागूनच्या बाथरूममध्ये शिरली होती.

"मग हे क्रोन्स आहे, की ते दुसरं, कोलायटिस?" निकिताने विचारलं. मोबाइलवर वाचून वाचून तिला आतड्याच्या आजारांची ही नावं पाठ झाली होती.

"अहो, बारसं करायचं तर आधी बाळ तर दिसू दे," डॉक्टरबाई कोरडेपणाने म्हणाल्या. मग तिचा चेहरा बघून नरमल्या. "दुर्बीण घालून मोठं आतडं बघितलं, लहान आतड्याचं टोक बघितलं. सगळं ठीक. आता मधल्या भागाचा एमआरआय करू. वेळेवर सापडलं नाही, तर मुलांची वाढ खुंटते हो."

निकिताने सुमेधचा हात धरला.

"सुमेध, सारखं तोंड येतं का रे?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "जेवण कमी झालंय? बाथरूमला पळावं लागतं?"

"नाही." तिन्ही वेळा तेच उत्तर. पण शेवटच्या वेळी त्याचा आवाज कापला.

"खरं सांग बाळा," निकिता म्हणाली. "यात लाजायचं काय?"

सुमेधने मान वर केली. त्याने आईकडे पाहिलं नाही, डॉक्टरबाईंकडेही नाही. तो बाथरूमच्या बंद दाराकडे बघत राहिला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"आई, मला लाजच वाटली गं. ती डबी मी भरलीच नाही. दोन्ही वेळा स्पृहाने भरून दिली."