चारसुद्धा चालेल

गणिताच्या सरांनी फळ्यावर वर्गमुळाचं चिन्ह काढून आत 'एक्स वजा चार' लिहिलं आणि फलनाचा प्रांत, म्हणजे एक्सच्या चालणाऱ्या किमती, सांगितला, "एक्स चारपेक्षा मोठाच हवा." मागच्या बाकावरची अबोल मुलगी वर्षात पहिल्यांदाच आपणहून उभी राहिली.

"सर, चारसुद्धा चालेल ना? आत शून्य उरतं, आणि शून्याचं वर्गमूळ शून्य."

चूक सरांना तिथल्या तिथे कळली. पण तपासणीला आलेले साहेब मागे खुर्ची टाकून बसले होते, वहीत काहीतरी टिपत होते.

"आधी नीट ऐकायला शीक, मग अक्कल पाजळ," सर म्हणाले. वर्ग खो खो हसला. ती कानापर्यंत लाल होऊन खाली बसली.

उद्या सगळ्यांसमोर चूक कबूल करायची, असं सरांनी मनाशी ठरवलं. उद्याचा परवा झाला, परवाचा आठवडा. मग नवा धडा सुरू झाला आणि ते राहूनच गेलं.

महिन्याभराने ती आईबरोबर शिक्षकांच्या खोलीत आली. गणित सोडून दुसरा विषय घ्यायचा होता, अर्जावर सरांची सही हवी होती.

सरांनी उचललेलं पेन खाली ठेवलं. "अगं, सोडू नकोस. त्या दिवशी तुझंच बरोबर होतं. चुकलो मी होतो."

तिने मान हलवली आणि अर्ज हळूच पुढे सरकवला.

"राहू द्या सर, मला बरं वाटावं म्हणून म्हणताय. माझं बरोबर असतं, तर तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं."