वेळेवर सुटलेलं विमान

विमानतळ कामगार संघटनेचा सरचिटणीस सकाळपासून संसदेच्या गॅलरीत बसून होता. अर्थसंकल्पातलं विमानवाहतूक निधीचं विधेयक आज मंजूर झालं नाही, तर कंट्रोल टॉवरमधल्या लोकांना याही महिन्यात बिनपगारी राबावं लागणार होतं. त्याची धाकटी बहीण त्यांतलीच.

संध्याकाळी विधेयक पुकारलं, तेव्हा निम्मी बाकं रिकामी होती. मतदान थेट पुढच्या अधिवेशनावर गेलं.

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. बाहेर येऊन त्याने बहिणीला फोन लावला. ती नुकतीच ड्युटी संपवून टॉवरवरून उतरली होती.

"अगं, खासदार मतदान सोडून पळाले! सुट्टीला घरी जायचं विमान चुकेल म्हणे!"





"नाही चुकलं, दादा. आत्ता मीच सोडलं ते. अगदी वेळेवर."